पाचच्या बटणावर कोणाचा नंबर?

घरात नवा कॉर्डलेस फोन आला की बॅटरी पहिल्यांदा पूर्ण चार्ज होईपर्यंतही कोणाला धीर निघत नाही. लगेच नंबर साठवायला घेतात. एकच्या बटणावर घरातल्या कर्त्या माणसाचा मोबाइल, दोनवर थोरल्या मुलाचा, तीनवर मुलीचा, मग जावई, मोठे काका, अशी नात्याची उतरंड नऊपर्यंत लागते. भुसावळात टेलिफोनच्या तक्रारी निवारण्याच्या कामात माझी नोकरी गेली. रेल्वेची क्वार्टर्स, गावातली जुनी घरे, वरणगाव आणि दीपनगरच्या वसाहती, सगळीकडे संच हातात घेऊन तपासणे हेच काम, आणि बटणे तपासताना ही उतरंड आपोआप दिसायची. तिच्याबद्दल माझे मत कामातूनच पक्के होत गेले. ती लावतो फोन विकत आणणारा, आणि वेळ आल्यावर बटणे दाबावी लागतात ती मागे घरी राहणाऱ्याला. शिवाय त्या बटणांवर माणसे बसवलेली असतात, आणि तिथे ठिकाणे हवीत. ठिकाण म्हणजे अशी जागा, जिथे रात्री दोन वाजताही कोणीतरी फोन उचलते. हे म्हणणे थोडे कोरडे वाटेल हे मला ठाऊक आहे. पण भुसावळसारख्या गावात त्यामागे भक्कम कारणे आहेत, आणि ती एकदा सविस्तर मांडायला हवीत.

भुसावळ हे मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय. मुंबईकडून आलेली लाइन इथे दोन दिशांना फुटते, एक अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला आणि दुसरी खंडव्यावरून इटारसीला. त्यामुळे गाड्या चालवणाऱ्यांची वस्ती इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. लोको पायलट, त्यांचे सहायक, आणि ज्यांना २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात ते गार्ड, या सगळ्यांना रेल्वेच्या भाषेत रनिंग स्टाफ म्हणतात, आणि त्यांच्या घरात ‘साहेब लाइनवर गेलेत’ हे वाक्य रोजचे असते. लाइनवर गेलेल्या माणसाचा मोबाइल लागत नाही. गाडी चालवताना मोबाइल बंद ठेवायचा असा रेल्वेचा नियमच आहे, आणि तो योग्य आहे. सिग्नलवरची नजर क्षणभर हलली तर काय होते हे त्या घरांना वेगळे सांगावे लागत नाही. ड्युटी संपली तरी माणूस घरी नसतो. इगतपुरी, बडनेरा अशा ठिकाणच्या रनिंग रूममध्ये तो विश्रांती घेत असतो, आणि रात्रभर गाडी हाकून आलेला माणूस दिवसा झोपताना फोन बंद करतो. म्हणजे ज्याचा नंबर एकच्या बटणावर मानाने बसवला, तोच घरातला सर्वांत कमी हाती लागणारा माणूस. हीच गोष्ट ऑर्डनन्स फॅक्टरीची. भुसावळ असो की वरणगाव, सुरक्षेपायी मोबाइल आत नेता येत नाही. दीपनगरच्या वीज केंद्रात पाळीवर असलेल्या माणसाला यंत्रांच्या आवाजात खिशातला फोन ऐकू येईलच असे नाही. पगाराच्या तीन मोठ्या जागा, आणि तिन्हीकडे कामाच्या वेळी मोबाइल निरुपयोगी किंवा भरवशाचा नाही, अशी या गावाची रचना आहे.

उलट याच तिन्ही ठिकाणी चोवीस तास उत्तर देणारी एक जागा असते. रेल्वेत ती म्हणजे क्रू लॉबी. ड्रायव्हर-गार्ड तिथे हजेरी देऊन, श्वासाची चाचणी करून गाडीवर जातात आणि परतल्यावर तिथेच ड्युटी उतरवतात. कोण कोणत्या गाडीवर आहे, कुठपर्यंत पोचला असेल, कधी परतेल, हे लॉबीला ठाऊक असते. घरी कोणाला दवाखान्यात न्यावे लागले तर लॉबीत दिलेला निरोप गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोलमार्फत पुढच्या स्टेशनवर त्या माणसापर्यंत जाऊ शकतो. त्याच्या बंद मोबाइलवर दहा वेळा केलेला फोन कुठेच जात नाही. फॅक्टरीत हे काम मुख्य गेटवरची सुरक्षा चौकी करते, वीज केंद्रात पाळीची कंट्रोल रूम. या जागांवर बसलेला माणूस दर पाळीला बदलतो, पण खुर्ची रिकामी राहत नाही. म्हणून रनिंग स्टाफच्या घरातल्या फोनवर पहिला हक्क लॉबीच्या नंबरचा आहे, नवऱ्याच्या मोबाइलचा नाही, असे मी म्हणतो.

यात एक व्यावहारिक अडचण आहे आणि ती आधीच सांगतो. रेल्वेचे टेलिफोन हे स्वतंत्र जाळे आहे. रेल्वेच्या आतला नंबर घरच्या बीएसएनएलच्या लाइनवरून थेट लागत नाही, आणि अनेक घरांत डायरीत लिहिलेला लॉबीचा नंबर नेमका तोच आतला नंबर असतो. तो बटणावर साठवला तर बटण दाबूनही काही होत नाही. बाहेरून लागणारा नंबर कोणता, हे ड्युटीवर जाणाऱ्यानेच लॉबीत विचारून आणले पाहिजे. अलीकडे अधिकाऱ्यांना आणि निरीक्षकांना मिळणारे सीयूजीचे, म्हणजे खात्याच्या बंद गटाचे, मोबाइल नंबर बहुधा पदाला जोडलेले असतात. बदली झाली की सिम कार्ड पुढच्या माणसाच्या हाती जाते. असा पदाचा नंबर ठिकाणाच्या नंबराइतकाच चांगला. एखाद्या ओळखीच्या बाबूचा खासगी नंबर मात्र तो बदलून गेला की निकामी होतो.

ठिकाणाला नंबर द्यावा, माणसाला नव्हे, हा विचार माझ्या डोक्यातून निघालेला नाही. रेल्वेचे अख्खे कंट्रोल त्यावर चालत आले आहे. सेक्शन कंट्रोलरच्या एकाच सामायिक लाइनवर ओळीने कितीतरी स्टेशने जोडलेली असतात. प्रत्येक स्टेशनला दोन आकड्यांचा सांकेतिक क्रमांक असतो. कंट्रोलरने तो दाबला की फक्त त्या स्टेशनची घंटी वाजते, बाकीची शांत राहतात. आज ही दाबायची बटणे आहेत. त्याआधीच्या काळात हेच काम फिरवायच्या किल्ल्या आणि ठरावीक स्पंदने ओळखणारे सिलेक्टर करत. तंत्र बदलले, तत्त्व तेच राहिले. निंभोरा किंवा सावदा स्टेशनचा क्रमांक हा तिथल्या स्टेशन मास्तरचा क्रमांक नसतो. मास्तर दिवसातून तीनदा बदलतो, कंट्रोलरही बदलतो, क्रमांक जागचा हलत नाही. त्या लाइनवर दिवसरात्र बोलणे चालू असते, त्यामुळे बिघाड झाला तर काही मिनिटांत कळतो. कामाच्या ठिकाणी इतकी शिस्त पाळणारी माणसे घरच्या दहा बटणांना ती लावत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटत आले.

याचे एक कारण या गावाच्या जुन्या सवयीत असावे. घरोघरी फोन नव्हते तेव्हा रेल्वेचा कॉल बॉय सायकलवरून क्वार्टरवर यायचा, दार वाजवून ड्रायव्हरला उठवायचा, वहीत सही घ्यायचा आणि पुढच्या दारी जायचा. म्हणजे निरोप रेल्वेकडून घराकडे यायचा, आणि त्यासाठी पगारी माणूस होता. घराकडून रेल्वेकडे निरोप न्यायला असा कोणी नव्हता; शेजारच्या मुलाला स्टेशनवर पिटाळावे लागे. दूरसंचार खात्याच्या टेलिफोनसाठी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ होता. पुढे घरोघरी लाइन आल्या तेव्हा निरोपाची ही उलटी वाट पहिल्यांदाच मोकळी झाली. पण घरातल्यांच्या मनात फोन म्हणजे ड्युटीचा बोलावा येण्याचे साधन हीच कल्पना राहिली, त्यावरून आपण ड्युटीच्या जागी बोलू शकतो ही रुजायला वेळ लागला. बऱ्याच घरांतल्या बायकांना लॉबीत फोन करणे म्हणजे साहेबांच्या कामात ढवळाढवळ वाटते. बटणावर लॉबीचा नंबर बसवायला हवा तो या संकोचापायीही, कारण जे घरच्या फोनवर रीतसर लावलेले आहे ते वापरण्याची परवानगी मागावी लागत नाही.

आता थोडे यंत्राबद्दल. कॉर्डलेस संचाच्या मेमरीचे दोन भाग असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक फोनबुक, ज्यात संचाप्रमाणे पन्नास किंवा त्याहून जास्त नावे मावतात. दुसरी स्पीड डायलची बटणे, नऊ किंवा दहा. फोनबुकातून नंबर लावायचा तर मेनू उघडा, यादी उघडा, खाली खाली जा, नाव आले की हिरवे बटण दाबा, इतकी पावले पडतात आणि पडद्यावरची बारीक अक्षरे वाचावी लागतात. स्पीड डायलला बहुतेक संचांत एकच बटण काही सेकंद दाबून धरायचे असते. घाबरलेल्या, चष्मा न सापडलेल्या माणसाच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून फोनबुकात कितीही नावे भरा, माझे म्हणणे या दहा बटणांपुरते आहे. ही सोय पूर्वी संचात नसून एक्स्चेंजमध्ये असे. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या सुकासना गावी १९६५ साली पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हा तिथल्या ग्राहकांना छोटा क्रमांक फिरवून साठवलेला मोठा नंबर लावण्याची सेवा मिळाली. आपल्याकडेही इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आल्यावर अशी सेवा मागणीनुसार मिळू लागली. तिच्याच जोडीला हॉटलाइन होती: रिसीव्हर उचलून काही सेकंद काहीच डायल केले नाही तर ठरलेला नंबर आपोआप लागतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी याहून चांगली सेवा मला माहीत नाही, आणि तिची मागणी इतकी कमी का राहिली हे मला कधी उमगले नाही.

बटणांच्या मांडणीतही उपयोगी पडेल असे काही आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९६० च्या आसपास बटणांच्या अनेक रचना माणसांकडून वापरून पाहिल्या आणि त्यातून तीन-तीनच्या ओळी व खाली शून्य ही मांडणी रूढ झाली. तिच्या मधोमध पाच येतो, आणि पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. अंधारात बोट फिरवले की तो लगेच लागतो. तिथून वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. सर्वांत निकडीचा नंबर एकवर ठेवण्याची पद्धत कागदावरच्या यादीतून आली आहे, बोटाला ती सोयीची नाही. एक कोपऱ्यात असतो आणि हँडसेट हातात उलटा आला तर तो कोपरा कोणता हेच कळत नाही. पाचचे बटण उलट्या हातातही मध्यभागीच सापडते. म्हणून लॉबी किंवा गेट किंवा कंट्रोल रूम, जे ज्या घराचे असेल ते, पाचवर. आठवर दवाखाना, दोनवर शेजारी. शेजाऱ्याचे घरसुद्धा माझ्या हिशेबात ठिकाणच आहे, कारण तिथे एक जण नसेल तर दुसरा उचलतो.

या म्हणण्याला सर्वांत ठोस आधार दिला तो नंबरांमध्ये झालेल्या बदलांनी. २००२-०३ च्या सुमारास देशभर लँडलाइनच्या नंबरांपुढे २ लागला. भुसावळचे नंबर सहा आकडी झाले, जळगावचे सात आकडी. त्या वेळी साठवलेला प्रत्येक स्थानिक नंबर बाद झाला, माणसाचा असो वा ठिकाणाचा. मध्यंतरी काही वर्षे राज्यातल्या राज्यात ९५ लावून बोलायची पद्धत होती, म्हणजे भुसावळहून जळगावला ०२५७ ऐवजी ९५२५७. तीही पुढे गेली आणि पुन्हा शून्य आला. आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले. भविष्यासाठी नवे नंबर मोकळे व्हावेत म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये तशी शिफारस केली होती. तोवर महाराष्ट्रातला मोबाइल शून्याविना लागायचा, त्यामुळे घरोघरी तो दहा आकडी साठवलेला होता. त्या दिवशी भुसावळच्या कॉर्डलेस फोनमधली मुला-मुलींची, जावयांची, नवऱ्यांची बटणे एकदम मुकी झाली. दाबले की नंबराआधी शून्य लावण्याची सूचना ऐकू यायची आणि म्हाताऱ्या माणसाला वाटायचे की मुलाने नंबर बदलला. सहा आकडी स्थानिक नंबरांना मात्र काही झाले नाही. शेजारचे घर, डॉक्टरांचा दवाखाना, कार्यालयाची लँडलाइन पूर्वीसारखीच लागत राहिली. माणसाचा नंबर मोबाइल कंपनी बदलते, सिम हरवते, नियम बदलतो तसा हलत राहतो. ठिकाणाचाही हलतो, पण कमी वेळा, आणि हलला तर त्याची बातमी होते.

आता आक्षेप. पहिला तर कोणीही घेईल: हातोहाती मोबाइल असताना कॉर्डलेसची ही चर्चा कशासाठी? लँडलाइन कमी झाल्या हे मी नाकारत नाही. त्या काढून घेण्याचे अर्ज हाताळणे हाही कामाचाच भाग होता. पण मोबाइल माणसाबरोबर बाहेर जातो आणि घरचा फोन घरी राहतो. मोबाइलला कुलूप असते, पासवर्ड असतो, आणि आजोबा कोसळले असताना नातवाला त्यांच्या फोनचे कुलूप उघडता येईल याची खात्री नसते. घरचा फोन ज्याच्या हाती येईल त्याचा. शिवाय फायबरच्या जोडणीबरोबर अनेक घरांत टेलिफोनचा नंबर पुन्हा आला आहे आणि त्याला कॉर्डलेस संच लावलेला दिसतो. आणि हाच हिशेब मोबाइललाही लागू होतो. त्यात आणीबाणीचे संपर्क भरतानाही लोक माणसेच भरतात, तीही बहुधा अशी की जी त्याच घरात, त्याच प्रसंगात शेजारी उभी असतील.

विजेचा मुद्दा याहून अवघड आहे आणि तो मी टाळणार नाही. जुना तारेचा फोन एक्स्चेंजमधून येणाऱ्या ४८ व्होल्टवर चालायचा. घरात वीज नसली तरी त्याला फरक पडत नसे. कॉर्डलेसचा बेस घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की बेस बंद, आणि बेस बंद असताना हँडसेटची बॅटरी कितीही भरलेली असो, तिचा उपयोग नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत खानदेशाने हे भरपूर भोगले. दीपनगरचे वीज केंद्र हाकेच्या अंतरावर असूनही आमच्याकडे तासन्‌तास अंधार असायचा. नेमक्या अंधारातच ज्या बटणांचा उपयोग व्हायचा ती बंद. त्यातून भुसावळचा उन्हाळा, पारा ४५ च्या पुढे. त्या उष्म्यात सदा पाळण्यात ठेवलेल्या हँडसेटच्या बॅटऱ्या लवकर मरतात. स्पीड डायलवर विसंबून राहू नका असे कोणी म्हणाले तर इतपत ते बरोबर आहे. तारेच्या लाइनवर यावर सोपा उपाय होता, कॉर्डलेसच्या जोडीला एक साधा फोन समांतर लावून ठेवायचा, आणि तो मी सगळ्यांना सांगत असे. फायबरवर तोही राहिला नाही, कारण तिथे आवाज ज्या पेटीतून येतो ती पेटीच घरच्या विजेवर चालते. मग पेटी आणि बेस दोन्ही इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घेणे एवढेच उरते. पंख्यासाठी घेतलेल्या इन्व्हर्टरवर या दोन वस्तूंचा भार अगदी किरकोळ असतो, पण वायरिंग करताना त्या कोणाच्या लक्षात येत नाहीत.

बटणांमुळे स्मरणशक्ती गंजते, पूर्वी लोकांना वीस-वीस नंबर पाठ असत, असा आणखी एक आक्षेप वडीलधारी मंडळी घेतात. पावकी-निमकी पाठ केलेल्या पिढीने तो घ्यावा हे समजण्यासारखे आहे. २०११ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले. माहिती संगणकात साठवून ठेवली आहे असे सांगितलेल्या लोकांना ती माहिती कमी आठवली, पण ती कुठे ठेवली आहे ते बऱ्यापैकी आठवले, असा त्यांचा निष्कर्ष होता. वडीलधाऱ्यांचे म्हणणे त्यामुळे अर्धे खरे ठरते. पण ‘कुठे’ लक्षात राहणे ही या कामात मोठी गोष्ट आहे. घाबरलेल्या माणसाला दहा आकडे आठवत नाहीत. ‘पाच म्हणजे लॉबी’ एवढे आठवू शकते. पाठ करायचे तर ते पाठ करावे, आणि घरातल्या लहान मुलांकडूनही करून घ्यावे. १०८ आणि ११२ साठी मात्र बटण खर्च करू नये. तीन आकड्यांना मेमरीची गरज नाही, ते मुलांना तोंडपाठ हवेत.

सगळ्यांत वजनदार आक्षेप मला कोणी वाद घालून सांगितलेला नाही. तो त्या उतरंडीतच होता. फोन फक्त संकटासाठी नसतो. पुण्याला, नाशिकला, सुरतेला गेलेल्या मुलाचा आवाज ऐकणे हा घरी मागे राहिलेल्या आईचा दिवसातला मोठा आधार असतो, आणि तिला मुलाच्या जागी लॉबीचा नंबर ठेवायला सांगणे म्हणजे तिच्या घरात कचेरी आणून बसवणे. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि यात कामाच्या दृष्टीनेही एक सत्य आहे. जे बटण रोज दाबले जाते त्याची बोटाला सवय असते, त्यावरचा नंबर चालू आहे की नाही हे रोज कळते. संकटासाठी बाजूला ठेवलेले बटण महिनोन्‌महिने न दाबल्याने विसरले जाते, आणि बाद झालेले नंबर मला सापडत ते नेमके याच बटणांवर. कंट्रोलची लाइन भरवशाची राहते ती सतत वापरामुळे. म्हणून मी माझा आग्रह थोडा मागे घेतो. एक, तीन, सात, नऊ हे चार कोपरे मायेच्या माणसांचे असू द्यावेत. आईला हवा तो मुलगा एकवरच राहू दे. मधला पाच आणि त्याच्या चार बाजू मात्र ठिकाणांसाठी सोडाव्यात, आणि ती बटणे महिन्यातून एकदा तरी खरोखर दाबावीत. लॉबीत फोन लावून गाडी कधी परतणार एवढे विचारले तरी पुरे. त्यात कोणाच्या कामात अडथळा येत नाही, आणि तिकडून उत्तर देणाऱ्यालाही या घराची ओळख राहते.

ही बटणे कोणी लावायची, हाही तितकाच कळीचा भाग आहे. सकाळी आठ ते रात्री आठ घरात एकटे कोण असते? ती सून असेल, सासू असेल, शाळेतून लवकर आलेला मुलगा असेल. मेमरी भरताना हँडसेट त्यांच्या हातात हवा. नंबर कोणता ते वाचून दाखवणारा दुसरा कोणी असला तरी चालेल, बटण त्यांच्याच बोटाने दाबले जावे आणि पहिला फोनही त्यांनीच लावून पाहावा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हे जमते, कारण इथे वाचायचे काहीच नसते. एकाहून जास्त हँडसेट असतील तर आणखी एक तपासणी लागते: काही संचांत स्पीड डायल प्रत्येक हँडसेटची वेगळी असते, काहींत बेसमध्ये सामायिक. दिवाणखान्यातला पाच म्हणजे लॉबी आणि स्वयंपाकघरातला पाच रिकामा, असे घरोघरी असते, आणि घरी मागे राहणारी माणसे दिवसाचा मोठा भाग स्वयंपाकघरातच असतात. जुन्या संचांत बॅटरी बदलताना मेमरी पुसली जात असे. नव्यांत सहसा जात नाही, तरी बॅटरी बदलल्यावर एकदा दाबून पाहावे. आणि बेसच्या खाली एक कागद चिकटवावा, शाईच्या ठळक आकड्यांत: बटण, ठिकाण, पूर्ण नंबर (लागत असेल तिथे शून्यासकट), आणि नंबर शेवटचा तपासला ती तारीख. तारखेवाचून तो कागद दोन वर्षांनी निरुपयोगी होतो, कारण त्यावर किती विश्वास ठेवायचा हे कळत नाही.

माणूस साठ वर्षांचा होतो, हार घालून घरी येतो, आणि लॉबीचा नंबर त्या दिवसापासून त्या घराच्या कामाचा राहत नाही. तरीही तो बटणावर तसाच पडून असतो. निवृत्तांच्या घरांत वर्षानुवर्षे हेच दिसते. खरे तर याच वयात पाचच्या बटणाची गरज वाढते. लाइनवर कोणी नसते, पण घरात दोन म्हातारी माणसे असतात आणि मुले दूरच्या शहरांत. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांना वैद्यकीय योजनेखाली उमीद कार्ड मिळते आणि भुसावळचे विभागीय रेल्वे रुग्णालय त्यांना खुले असते. तिथल्या अपघात कक्षाचा बाहेरून लागणारा नंबर तपासून त्या जागी बसवावा, आणि आठच्या बटणावर आधीचा जो दवाखाना होता त्याऐवजी घराला सर्वांत जवळचा, रात्री दार उघडणारा डॉक्टर. निवृत्तीच्या कागदपत्रांची धावपळ महिनाभर चालते. पेन्शन, भविष्यनिर्वाह निधी, क्वार्टर सोडण्याचा दाखला, सगळे ध्यानात ठेवून केले जाते. क्वार्टर सोडून गावातल्या घरी जाताना टेलिफोन स्थलांतराचा अर्ज करतात, त्याच दिवशी हेही करून घ्यावे. नवीन घरी नंबर बदलला तर तो आधी त्या दवाखान्यात आणि नव्या शेजाऱ्याकडे कळवावा, कारण फोन उचलणाऱ्याला पडद्यावर तोच दिसणार आहे.